शमुवेल ब्रास बँडची कारभारीण

मी, सुगंधा शमुवेल उबाळे, वय एकाहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा बँड चालवणे, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही; तसा दबाव आणू शकेल असा माणूस आमच्या गल्लीत राहत नाही.

सुरुवातीलाच सांगते, की खाली ज्याला ‘माझे’ म्हटले आहे ते सगळे परमेश्वराचे आहे. ‘परमेश्वराच्या मालकीचे व माझ्या वापरातले’ असे लिहा, असे मी वकीलबाई बुद्धप्रिया बनसोडे यांना सांगितले होते. त्या म्हणाल्या, मग मालकाचीही सही आणावी लागेल. आम्ही दोघी हसलो आणि ‘माझे’ ठेवले. पण वाचणाऱ्याने समजून घ्यावे. त्याने सांभाळायला दिले, मी सांभाळले, आता पुढच्या हातात देते. तो देणारा नसता तर यातले काहीच माझ्याकडे नसते, याची मला रोज आठवण असते.

कलम १. भवानी पेठेतले घर माझी मुलगी शलोमी हिला द्यावे. ती दवाखान्यात सिस्टर आहे, दिवसभर दुसऱ्यांची दुखणी काढते, तिला स्वतःचे छप्पर हवे. तिने राहावे, भाड्याने द्यावे की विकावे, ते तिचे तिने ठरवावे. मी वरून बघत बसणार नाही. तिथे मला दुसरे काम असेल.

कलम २. बँकेतल्या ठेवीचा दशांश आधी आमच्या मंडळीला द्यावा आणि मग बाकीची शलोमीला. दशांशातून चर्चच्या पत्र्याचे काम करावे, कारण पाऊस नेमका बायकांच्या बाजूला गळतो. पाळकसाहेबांना विनंती, की माझ्या नावाची फरशी बसवू नये. देणाऱ्याचे नाव लिहायचेच असेल, तर खऱ्या देणाऱ्याचे लिहावे.

कलम ३. शमुवेल ब्रास बँडची सर्व वाद्ये, ड्रम, दिव्यांच्या छत्र्या आणि हातगाडी शिवयोगी याला द्यावी. तो आमचे क्लॅरिनेटवाले तिप्पण्णा यांचा मुलगा, आणि ट्रंपेट त्याच्या बापाच्या क्लॅरिनेटपेक्षा गोड वाजवतो. हे तिप्पण्णालाही मान्य आहे, फक्त तो तसे म्हणत नाही. अट एकच. पितळ म्हणून वजनावर विकू नये.

ही वाद्ये माझ्याकडे कशी राहिली, ते इथेच लिहिते.

माझे यजमान शमुवेल ऐन लग्नसराईत छातीत कळ येऊन गेले. मी तेव्हा तेहेतीस वर्षांची, शलोमी शाळेत. माती होऊन तीन दिवस झाले नाहीत तोच माझे धाकटे दीर पौलसभावजी हातगाडी घेऊन आले. बँड भावाचा होता, बाईमाणूस बँड काय चालवणार, असे म्हणून सगळी वाद्ये गाडीवर घातली आणि आपल्या खोलीत कुलूप लावून ठेवली. मी दारात उभी होते. 

पुढची सुपारी कुंभारी गावची होती. निंगव्वा नावाची भाजीवाली, तिच्या मुलीचे लग्न. दुसरा बँड बघ, असे सांगायला मी तिच्याकडे गेले. निंगव्वाने भाजीची पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “दुसरा कशाला? तूच ये. तूच पुढं चाल.”

मी म्हटले, “अगं, विधवा बाई वरातीच्या पुढं कशी चालंल?”

“मी बी हाय की विधवा. मग पोरीच्या लग्नात मी घरात बसू व्हय?”

 तिप्पण्णाने क्लॅरिनेट दुरुस्तीला म्हणून घरी नेले होते, तेवढे वाचले होते. दोन हलग्या मागून आणल्या. मी यजमानांचा लाल डगला बाह्या दुमडून लुगड्यावर चढवला आणि पुढे उभी राहिले.  येशूचे नाव घेतले, तिप्पण्णाला खूण केली.

वेशीपाशी नवऱ्याचा मामा आडवा आला. ही बाई बाजूला झाल्याशिवाय वरात हलणार नाही, म्हणाला. निंगव्वा आली, माझा हात धरून शेजारी उभी राहिली. तिने काही वाद घातला नाही, नुसती उभी राहिली. मामा आजूबाजूला बघत राहिला, कोणी त्याच्या बाजूने येते का म्हणून. तेवढ्यात तिप्पण्णाने सूर धरला. नवऱ्याचे घोडे वरातीला सरावलेले, सूर ऐकला की चालायचे. ते चालू लागले. मामाला बाजूला व्हावेच लागले.

त्यानंतर लोक ‘बाईचा बँड’ म्हणून बोलवायला येऊ लागले. वादक सगळे माझ्याकडेच राहिले, त्यामुळे पौलसभावजींच्या खोलीत नुसते पितळ राहिले. पाऊसकाळ सरल्यावर एका सकाळी त्यांनी सगळी वाद्ये गाडीवर घालून परत आणली, चिंचेने घासून लख्ख केलेली.  मी चहा दिला. पुढे कितीतरी वर्षे आमचे बोलणे नाताळच्या सलामापुरतेच राहिले.

त्याच वर्षी कापणीच्या सणाला ज्यांची शेती होती त्यांनी वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, कोंबड्या आणून ठेवल्या. मला शेत नाही. मी बँड आणला. वरातीत वाजणारी वाद्ये उपासनेत कशी, म्हणून दोन वडील मंडळी उठून गेली. वाजवून झाल्यावर बाहेर आले, तर दोघेही खिडकीखाली उभे राहून ऐकत होते. तेव्हापासून दर वर्षी वाजवतो. शिवयोगीनेही वाजवावे, ही विनंती. अट नाही; उपकारस्तुती अटीने होत नाही.

कलम ४. माझी इरकली लुगडी निंगव्वाला द्यावीत. ती ‘बेडा, बेडा’ म्हणेल. कानडीत त्याचा अर्थ नको असा आहे, निंगव्वाच्या तोंडी मात्र घडी घालून दे असा आहे.

कलम ५. माझ्या मातीला बँड असावा. रडके काही वाजवू नये.

कलम ६. हे कलम मसुद्यात होते, आता नाही. का नाही, ते लिहिते.

पौलसभावजी आता एकटेच भाड्याच्या खोलीत राहतात, हातही कापतो. माझ्या मागे घरातली खालची पुढची खोली त्यांच्याकडे हयातभर असावी, असे मी लिहिले होते. गेल्या आठवड्यात त्यांना बोलावून सगळा मसुदा वाचून दाखवला. ते मान खाली घालून ऐकत होते. हातगाडीची हकीकत आली तेव्हाही मान वर केली नाही. संपल्यावर साक्षीदार कोण, एवढेच विचारले. एक शेजारचे गुरुसिद्धप्पा, दुसरा ठरायचा आहे, असे मी सांगितले. मग दुसरी सही माझी घ्या, म्हणाले.

वकीलबाईंनी त्यांना समजावले, की ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्राला जो साक्षीदार होतो त्याला त्यातले काही घेता येत नाही. सही केली तर खोली जाईल.

भावजींनी मसुदा आपल्यापुढे ओढला. मग म्हणाले, “जाऊ दे खोली. बँड वहिनीचा हाय, असं ज्या कागदावर लिवलंय, त्यावर माझी सही पायजे.”

मी उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा वकीलबाईंनी कलम खोडले होते.

आता खोलीचे. जिवंत बाईने दिराला घरात ठेवून घेतले, तर त्याला साक्षीदार लागत नाहीत. त्यांची ट्रंक काल संध्याकाळी आली. काका इथेच राहतील, असे शलोमीने आपणहून सांगितले आहे. चहात साखर कमी असते, अशी त्यांची तक्रार आज सकाळपासून सुरू झाली आहे.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे. अंमलबजावणी शलोमीने करावी.

ठिकाण : सोलापूर
तारीख : २१ नोव्हेंबर २०२५

(सही) सुगंधा शमुवेल उबाळे

साक्षीदार :
१. (सही) गुरुसिद्धप्पा, शेजारी
२. (सही, हात कापल्याने दोनदा केलेली) पौलस उबाळे, दीर. या मृत्युपत्राने यांना काहीही मिळत नाही.