प्रवाळातली खेकडीण

प्रिय तेजल,

जयभीम. अक्षर शेजारच्या सलिमाचं, बोलणं माझं. बिचारी शिलाई मशीन थांबवून लिहितेय, म्हणून शुद्धलेखन तिचं आणि आगाऊपणा माझा समज.

तुझ्या लॅबने टाकून दिलेला तो दगडी प्रवाळ मी फडताळात ठेवलाय. द्वारका चौकातून ट्रक गेला की भांडी वाजतात, ते मला कळतं. पण दुपारी सगळं गप असताना त्याच्या आतून टकटक येते. सलिमा म्हणते, पाल असेल. पाल कधी दार वाजवते का गं?

तूच सांगितलं होतंस, पिल्लू असतानाच खेकडीण प्रवाळाच्या फांदीत येऊन बसते. प्रवाळ तिच्याभोवती वाढत जातो आणि शेवटी पाणी येण्याजाण्यापुरती भोकं उरतात. ती जन्मभर आत. नवरा एवढासा, तो बाहेर हिंडतो. मी हसले होते. मग तू म्हणालीस, ती परजीवी, प्रवाळाच्या जिवावर जगते. तेव्हा हसू गेलं. कोंडलेलीलाच आयतखाऊ म्हणायचं, हे मी सटाण्याला, लेकीच्या सासरी ऐकलं होतं. तुझ्या आईबद्दल.

तुझ्या आईचं, सुवर्णाचं, सासरहून एकच पत्र आलं. त्या दिवशी तुझे वडील पिंपळगावला कांदा विकून माझ्याकडे जेवायला थांबले होते. जावई शिकलेला, मला केवढं कौतुक. मीच पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी खणखणीत वाचलं, मी सुखात आहे, काळजी नसावी. मी त्यांना आणखी एक पोळी वाढली. दीड महिन्यात मी सुवर्णाला माती देऊन, तुला कडेवर घेऊन परतले.

पत्र डब्यात जपलं होतं. परवा सलिमाला म्हटलं, वाच, लेकीचं सुख पुन्हा ऐकू दे. ती वाचता वाचता थांबली. आत एवढंच होतं, आई, मला न्यायला ये, हे मला बाहेर पडू देत नाहीत.

तुझ्या लग्नाला चार महिने झाले. तुझा फोन दर वेळी महेशराव उचलतात, तू मजेत असल्याचं सांगतात. आवाज गोड आहे. तुझ्या वडिलांचाही होता. म्हणून हे पत्र घरी नाही, लॅबच्या पत्त्यावर. महिन्याच्या शेवटच्या रविवारी रत्नागिरीला मीच येतेय. लेकीला माहेरी न्यायला मुराळी जातो, तशी. सत्तरीची मुराळीण बघायला तरी दार उघडतील. खरंच मजेत असलीस तर जेवून, महेशरावांची माफी मागून परत फिरेन. नसलीस तर पिशवी भरून ठेव.

तुझीच,
आजी भिमाबाई
(खाली अंगठा माझाच आहे, सलिमाचा नाही.)