चुकल्यावर बोलणारं पुस्तक

प्रिय मास्तर,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच 'जेवलास का' विचारतोस, मी जेवलो म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. शिवाय हल्ली माझा आवाज फोनवर कसा येतो ते मला कळलंय. परवा एका गिऱ्हाइकाला चष्मा तयार आहे म्हणून सांगायला फोन केला, तर त्याला वाटलं मशीनवरचा निरोप आहे. त्याने अर्ध्यातच ठेवून दिला. तू असतास तर पोट धरून हसला असतास. मला हसू आलं नाही, वाईटही वाटलं नाही. मी पुढची काच घासायला घेतली.

दुकान चालू आहे. माणसाला खुर्चीत बसवायचं, त्याच्या डोळ्यांपुढे काचा बदलत राहायचं आणि विचारायचं, 'ही बरी की ही?' त्या प्रश्नाला चुकीचं उत्तर नसतं, म्हणून ते काम मला जमतं. घरी स्वयंपाक मी आणि पोरगी आळीपाळीने करतो. तिच्या हाताला चव आहे, माझ्या हाताला मीठ जास्त. तुझी वहिनी गेल्याला आता वर्ष होत आलं. भेटेल तो सांगतो की एकदा रडून मोकळा हो. मी करून पाहिलं रे. दार लावून बसलो, तिचा स्वेटर मांडीवर घेतला, आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की आपण स्वेटरची निघालेली शिवण बघतोय आणि दोरा कुठल्या रंगाचा लागेल याचा विचार करतोय. दातवाल्याने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, पण हात लावला की परक्याचा वाटतो, तसं काहीसं आहे. कुणाला सांगत नाही. तुला सांगतोय कारण तू उपाय सुचवणार नाहीस.

पण मुद्दा माझा नाही, पोरीचा आहे. आणि तुझ्या पुस्तकाचा. मागच्या आठवड्यात शाळेत गणिताच्या बाईंनी बोलावलं होतं. आता सगळा वर्ग तुझ्याच ऑनलाइन पुस्तकावर गणित करतो, हे तुला माहीत असेलच. बाईंनी तुझी तारीफ केली, ती मी मुद्दाम सगळी लिहीत नाही. आधीच तू जमिनीवर नसतोस. आपल्या वेळी पुस्तक गप्प असायचं आणि उत्तरं शेवटच्या पानांवर असायची. मोह नको म्हणून ती पानं तू पिनांनी बंद करून टाकायचास, आणि मी त्या पिना काढायचो. म्हणून तू मास्तर झालास आणि मी ढापण्या राहिलो. तर बाईंचं म्हणणं असं, की आमची पोरगी अपूर्णांकांच्या धड्यात अडकून बसली आहे. बाकीची मुलं केव्हाच पुढे गेली. सत्र संपेपर्यंत पुस्तक पुरं झालं नाही, तर गणितापुरतं तिला पुढच्या वर्षी याच वर्गात बसवावं लागेल. मी मान हलवली. मग बाई जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, कागदावर दिलं तर ती सगळं बरोबर सोडवते. फक्त पुस्तकात चुकते. आणि चुकते तीही रोज नव्या पद्धतीने, झालेली चूक सहसा पुन्हा करत नाही. अशी मुलगी त्यांनी पाहिली नव्हती. घरी सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी सवयीने हो म्हणालो.

रविवारी दुपारी पोरगी मैत्रिणीकडे गेली होती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिचं पुस्तक उघडलं. तुझं हे पुस्तक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. झकास केलंयस. अपूर्णांकांच्या पट्ट्या बोटाने ओढायच्या, एकाखाली एक लावायच्या, हवे तितके तुकडे करायचे. सोपी उदाहरणं मी सोडवली. उत्तर बरोबर आलं की चमचा पेल्याला लागावा तसा आवाज होतो, हिरवी खूण येते आणि पुढचं उदाहरण उघडतं. मला जरा बरंही वाटलं. मग अर्धा अधिक एक तृतीयांश आलं. मी पट्ट्यांकडे न बघता वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले आणि दोन पंचमांश लिहून मोकळा झालो.

आणि तुझी वहिनी बोलली. "थांब हं. अर्ध्यात आणखी काही घातलं, आणि ते अर्ध्याहून कमी झालं? असं होईल का?"

तिचा आवाज त्या पुस्तकात आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. रेकॉर्डिंग संपलं की मीच तिला न्यायला तुझ्या ऑफिसात यायचो. स्टुडिओ परवडत नाही म्हणून तू तिला कपड्यांच्या कपाटात बसवायचास, चारी बाजूंनी कोट टांगून, आणि ती घामेघूम होऊन बाहेर यायची. माझ्या बायकोला कपाटात ठेवतो म्हणून मी तुला काय काय बोललो होतो. तेव्हा तू म्हणाला होतास की आवाज गोड असलेल्या पुष्कळ मिळतील, तुला गणित न येणारी बाई हवी आहे. हिंट वाचताना तिला कळलं नाही तर ते तिच्या आवाजात कळेल. आणि तसंच झालं. ती वाचता वाचता थांबायची, कपाटाचं दार उघडून तुला म्हणायची, हे मला समजलं नाही, मुलांना काय समजणार, पुन्हा लिहा. तू चिडायचास आणि पुन्हा लिहायचास. ही दोन पंचमांशची हिंट तिच्याच डोक्यातून आली होती. घरी येताना वाटेत तिने मला थांबवून विचारलं होतं, अर्ध्याहून कमी कसं होईल रे? स्वतःला काहीतरी सापडल्याचा तिला इतका आनंद झाला होता की आम्ही घराची गल्ली सोडून पुढे गेलो. ते सगळं मला आठवत होतं. तरी टेबलाशी बसल्यावर मला रडू आलं नाही. मी खुर्ची पुढे ओढली आणि आणखी एक चुकीचं उत्तर लिहिलं.

पोरगी परत आली तेव्हा मी तसाच बसलो होतो. मला वाटलं ती दचकेल, चोरी सापडल्यासारखी गोरीमोरी होईल. तसं काही झालं नाही. तिने दप्तर ठेवलं, माझ्या शेजारी बसली आणि मी काय लिहिलंय ते पाहून तिने कपाळाला हात लावला. असं मनाला येईल ते लिहून चालत नाही, तिने मला समजावलं. भलतंच उत्तर दिलं तर नुसती लाल रेघ येते. उत्तर असं चुकायला हवं की पुस्तकाला वाटलं पाहिजे, हिचं अमुक समजायचं राहिलंय. मग तिने मला शिकवलं. दोन षष्ठांश लिहिलं की आई सांगते, छेद बदलला, अंश तसाच राहिला. एक षष्ठांश लिहिलं की म्हणते, हा तर गुणाकार झाला. तिसऱ्यांदा चुकलं की पुस्तक सगळं उदाहरण आईच्या आवाजात सोडवून दाखवतं, ते सगळ्यांत लांब असतं. त्यात एके ठिकाणी ती श्वास घ्यायला थांबते आणि लांब कुणीतरी शिंकतं. तो शिंकणारा तू आहेस म्हणे, आमच्या पोरीचं ठाम मत आहे. एक उदाहरण इतक्या निरनिराळ्या रीतींनी चुकवायला ते किती नीट समजलेलं असावं लागतं, हे तुला मी सांगायला नको. मी तिला विचारलं की एखादं तरी बरोबर का सोडवत नाहीस.

"बाबा, बरोबर आलं की ती काहीच बोलत नाही."

एवढंच म्हणाली. रडत नव्हती, सूरही साधाच होता. मग तिने सांगितलं की पुढच्या इयत्तेचं पुस्तक तिने उघडून पाहिलंय. त्यात एक काका बोलतात. चांगले बोलतात, पण तिला तिकडे जायचं नाही. हे संपवायचंच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. आपल्या आईचा आवाज या एकाच इयत्तेत आहे, हे पोरीने केव्हाच हिशेबात धरलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आम्ही दोघं मग तिथेच बसून राहिलो. तिने मागचा, भागाकाराचा एक धडा उघडला आणि आम्ही आळीपाळीने चुकलो.

मास्तर, बाईंना मी अजून काही कळवलेलं नाही. पोरीला दटावता येईल. सांगितलं तर ती ऐकेलही, फार ऐकणारी आहे, आणि चार दिवसांत पुस्तक पुरं करून टाकेल. पण 'बरोबर उत्तर लिही' असं मी तिला म्हणालो तर त्याचा अर्थ काय होतो? मला ते तोंडातून काढता येत नाही. आणि नाही काढलं तर ती याच वर्गात बसून राहील. पुढच्या वर्षी तिच्याहून लहान मुलं येतील, तीही पुढे जातील, आणि ही तिथेच चुकत बसेल. मी वर्षभर जागचा हललो नाही, ते चालून गेलं. तिचं चालणार नाही. तिचं वय वाढायचं आहे. त्या विचाराने मात्र मला भीती वाटली, खरीखुरी. बऱ्याच काळाने काहीतरी वाटलं म्हणून तुला कळवतोय.

आता पत्र कशासाठी, ते. रेकॉर्डिंगच्या पहिल्या आठवड्यात एकदा तुझी वहिनी कपाटातून बाहेर आली ती हसतच होती. म्हणाली, आज तुझ्या दोस्ताने मला दिवसभर एकच शब्द म्हणायला लावला. 'बरोबर.' हळू, मोठ्याने, आश्चर्याने, कौतुकाने, 'अगदी बरोबर', 'बरोब्बर, शाब्बास'. पुढे तू ते सगळं काढून टाकलंस, नुसती टिंग केली की मुलांचं लक्ष विचलित होत नाही म्हणून. तेव्हा तिला थोडं लागलं होतं, तुला बोलली नाही. ते तुझ्याकडे कुठे पडून आहे का, बघशील? तू काही फेकून देत नाहीस, या आशेवर विचारतोय. हिंट एकेका उदाहरणाच्या असतात, त्या या पुस्तकाबाहेर जाणार नाहीत. पण 'बरोबर' कुठल्याही गणिताला चालतं. या इयत्तेच्या, पुढच्या, त्याच्याही पुढच्या. सगळ्या मुलांसाठी नको, एवढ्या एका पोरीच्या पुस्तकात घाल. चुकलं की आई भेटते, ते राहू दे. बरोबर आलं तरी भेटू दे.

तुझाच,
ढापण्या