बाबांनी पास केलेली प्लेट

नामसानदोंग, देगू
२ डिसेंबर १९९३

आदरणीय आत्या,

तुला आणि आतोबांना वाकून नमस्कार. (आधी खरंच वाकले, मग लिहायला बसले.) तुझा गुडघा कसा आहे? किमची मुरायला घातलीस का? इकडे सगळे सुखरूप. ‘सगळे’ दोनदा खोडलं, कारण बाबांनी चार दिवस छापखान्यात पाऊल ठेवलेलं नाही.

झालं ते असं. दादाने संगणक आणला. बाबांची चाळीस वर्षं शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली, तुला ठाऊकच आहे. मध्ये फोटोवर अक्षरं जुळवणारं यंत्र आलं, त्याला त्यांनी ‘भानामतीचं खोकं’ म्हणून नावं ठेवली (आणि ते भंगारात गेलं त्या दिवशी जेवले नाहीत). संगणकाशी मात्र अबोलाच. “बोटाला लागत नाही ते अक्षर कसलं?” दादा म्हणाला, “बाबा, आता बोटं काळी होणार नाहीत.” “मग जेवायच्या आधी हात कशाला धुवू?”

पहिलं काम ग्वाक काकूंच्या यजमानांच्या साठीच्या पत्रिकेचं, चारशे प्रती. दादाने घाईत फिल्म उलटी ठेवून प्लेट केली. मी तीनदा तपासली. बाबांनी भिंगातून पाहिली आणि पहिल्यांदाच खूश झाले, “आत्ता कुठे तुझं यंत्र सरळ लिहायला लागलं!” आम्हा दोघांच्या सह्या बघून दादाने डोळे मिटून छापलं आणि पाकिटं थेट पोस्टात टाकली. आत्या, चारशेच्या चारशे पत्रिका आरशातल्यासारख्या उलट्या! खिळ्यावर अक्षर उलटंच असतं, या प्लेटवर मात्र सुलटं लागतं. बाबांच्या डोळ्यांना तेच सुलटं. आणि मी शाळेआधी त्यांच्या मांडीवर खिळ्यांवरूनच अक्षरं शिकले.

ग्वाक काकू आल्या. “साठीला आयुष्याचं चक्र पुन्हा सुरू होतं हे कबूल, इन-सुक, पण म्हणून उलटं फिरवायचं?” मी सातदा वाकले. (आठव्यांदा त्यांनीच धरलं.) पण गंमत बघ, एरवी पत्रिका कोण वाचतं? ही प्रत्येकाने आरशासमोर धरून शब्द न् शब्द वाचली. तारीख, दालन, सगळं पाठ! चारशे बोलावले, साडेचारशे आले, तांदळाचे केक संपले, आणि एरवी साठीला मुलगा बापाला पाठीवर घेऊन नाचतो, इथे यजमानच मुलाला खांद्यावर घेऊन नाचले. आता तिघांना ‘तसलीच’ पत्रिका हवी आहे. बाबांना मात्र वाटतं, आपले डोळे निकामी झाले.

तुझी,
इन-सुक

ता. क. खरं तर पत्र यासाठीच. बाबा शनिवारी तुझ्याकडे कायमचे राहायला येणार म्हणतात. ठेवून घेऊ नकोस. छप्पर गळतं म्हण. (खोटं बोलायला सांगते, क्षमा कर.) त्यांनी पाहिल्याशिवाय मला साधं लेबलही छापायचा धीर होत नाही.

आणखी एक ता. क. पत्र टेबलावर राहिलं आणि बाबांनी वाचलं. अकरा चुका काढल्या, त्यातल्या चार वरच्या ता. क. मध्ये. “ही असली तपासणी करणार तू?” म्हणाले आणि एप्रन बांधून खाली छापखान्यात गेले. शनिवार रद्द. मी पत्र फाडायला घेतलं तर जिन्यातून ओरडले, “तपासलेला मजकूर कधी टोपलीत जातो का? टाक पोस्टात!” म्हणून टाकते आहे. आणि छप्पर खरंच गळत असेल तर कळव, असं त्यांनी लिहायला सांगितलंय.