निळसर खळ

अमरावती, शनिवार, २० जानेवारी १९६२

विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इथल्या कॉलेजात पुस्तक-दुरुस्तीचा वर्ग भरवला आहे. आज नागपूरचे शिक्षक म्हणाले, "घरोघरी बायका कणकेची खळ लावतात आणि कागद खाणाऱ्या कसरीला जेवण वाढतात." पुरुष हसले. संताप आला. आईच्या हस्ताक्षरातली ओव्यांची वही मी तशीच चिकटवून दहा वर्षं ट्रंकेत ठेवली आहे. सगळी खाल्ली असेल तर?

दुपारी वही घरून आणून मास्तरांपुढे ठेवली. उघडायची हिंमत माझी नव्हती. त्यांनी पुठ्ठा उचलला. एक भोक नाही.

"खळ निळसर दिसते. मोरचूद घातलंत, बाई?"

मी कुठली घालते! शेजारच्या भाजीवाल्या सखूने घातलं होतं, मी विष म्हणून ओरडत असताना. "काहून ओरडून राहिल्या, बाई? यानं कसर मरते." वर मी तिला अडाणी म्हटलं होतं.

मास्तरांना सुनावलं, की हसण्याआधी बायकांना विचारत जा. पण सखूला काय सांगायचं? तरी गेलेच. निळ्या खळीचं सगळं सांगितलं.

ती मेथी निवडत होती. "मंग अडाणी कोन, बाई?"

"मी," म्हटलं.

तिने अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.