माझ्या नावाचा नकार

५ जानेवारी, सोमवार

सकाळी विजया वर्कशॉपवर आली, पेढे घेऊन. मंडळ यंदा धंद्यातल्या बायकांचा सत्कार करणार. इथे कानडी मुलखात आपल्या मराठी व्यापाऱ्यांच्या मंडळात आजवर शाल-नारळ पुरुषांना, बायकांच्या वाट्याला पोहे. आता वि. महिला शाखेची अध्यक्ष झालीय, तिने पहिलं नाव माझं घातलं. "पंपांच्या जळक्या मोटारी भरून देणारी दुसरी बाई दाखव मला चामराजपेटेत," म्हणाली.

मी वरवर "कशाला गं" केलं. आमचा बसप्पा कॉइल भरता भरता हसत होता. मी हुरळलेय हे त्याला कळलं असणार.

हे गेल्यावर पहिल्यांदा शटर उघडायला गेले तेव्हा सोबत वि.च होती. सगळे म्हणत होते विकून टाक. ती म्हणाली, उघड. तिच्याकडून हा मान मिळतोय याचंच जास्त बरं वाटतंय.

८ जाने.

भाषण लिहायला घेतलं, तीन ओळींत संपलं. केतकी (सूनबाई, माहेर पुण्याचं, दोघं इथेच वेगळी राहतात) फोनवर म्हणते, "आई, तुमची जर्नी सांगा ना." कसली जर्नी. आनेकलहून बोअरची मोटर येते, जळालेली तार काढायची, नवी भरायची, वार्निश, झालं. तिकडे पाणी चढलं की फोन येतो. तेवढंच सांगेन.

मोठ्याने वाचून पाहिलं. मध्येच कानडी "सरी", "स्वल्प" घुसतंय. घुसू दे. ऐकणाऱ्यांची मराठी कुठे सोवळ्यातली आहे.

११, रविवार

व्हॉट्सॲपवर पत्रिका. 'हळदीकुंकू व कर्तबगार महिलांचा सत्कार'. येत्या रविवारी, मंडळाच्या हॉलमध्ये. दोन्ही एकत्र का, वि.ला विचारलं. "बायका एकदाच जमतात गं. शालीऐवजी ओटी भरू म्हणतोय. आपली पद्धत."

मनात जरा खुट्ट झालं. पण वि. आहे म्हटल्यावर पुढे विचार केला नाही. दर संक्रांतीला तिच्या घरी ती मला कुंकू लावतेच. विधवा-बिधवा असलं काही तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

निळी इरकल काढून ठेवली.

१३ जाने.

केतकीचा फोन. "आई, स्टेजवर पैठणी नेसू की साधी?"

तू कशाला स्टेजवर, विचारलं. मग हळूहळू बाहेर आलं. वि.ने तिला फोन केला होता. तुझ्या सासूबाई म्हणताहेत, ओटीचा प्रकार आहे, मला वर बोलावू नका, माझ्या वतीने सुनेची भरा. "मला वाटलं तुम्हाला ऑकवर्ड होत असेल, म्हणून मी विषय नाही काढला."

मी म्हणाले? कधी? कुणाला?

सगळ्या कमिटीला हेच सांगितलंय म्हणे. मंगलाताईंनीच नको म्हटलं, किती समजूतदार.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. राग येतोय, आणि वर लाजही वाटतेय. चूक तिची आणि लाज मला, हा कुठला न्याय.

१४, संक्रांत

वि.च्या भांड्यांच्या दुकानात गेले. मला पाहताच तिळगुळाचा डबा पुढे. घेतला नाही.

"ऐक तरी. ओटी मोठ्या अक्का भरणार, मंडळाच्या अध्यक्षांच्या आई. जुन्या वळणाच्या. त्यांना चालत नाही. भर कार्यक्रमात त्यांनी ताट मागे घेतलं असतं तर? तुझा अपमान होऊ नये म्हणून केलं."

मला का नाही सांगितलंस?

"तू समजून घेशील वाटलं."

चालत नाही तर चालत नाही म्हणायचं. मी भांडले असते, नाहीतर घरी बसले असते. माझ्या तोंडून नकार का वदवलास?

गिऱ्हाईक आलं, ती कुकरचं झाकण दाखवायला वळली. मी उभीच. मग निघाले.

१६, शुक्र.

अमेयचं म्हणणं, "सोड ना आई, एक मेमेंटो तर आहे." लेक माझाच, काय बोलणार. मेमेंटो घेऊन काय चाटायचाय मला. माझ्या माणसांत मला माझ्या पायांनी वर जायचं होतं, इतकंच.

केतकी मात्र म्हणाली, "मी नाही जाणार स्टेजवर. तुम्ही ठरवा तुमचं." पोरीत दम आहे.

अजून ठरत नाही. घरी बसले तर वि. खरी ठरते. गेले आणि अक्कांनी खरंच ताट मागे घेतलं तर

१८, रविवार

गेले. इरकल नेसून, केतकीच्या शेजारी बसले. वि. माइकवर. मला पाहून कागद खालीवर केला, तरी वाचलंच, "मंगलाताईंच्या वतीने त्यांच्या सूनबाई."

केतकी हलली नाही. मी उठले. पदर खोचून स्टेजच्या पायऱ्या चढले.

मोठ्या अक्का ताट घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "ही मंगला ना? विजया तर म्हणाली तुला नको म्हणून."

"मी नको म्हटलं नाही, अक्का. तुम्हाला चालत नाही असं कळलं."

"यारु हेळिदरु? कुणी सांगितलं?" माइक जवळच, सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "माझी लेक तुझ्यासारखीच, नवरा गेलेली. तिला दर सणाला मी लावते. तुला का नाही लावणार? बा इल्ली, जवळ ये."

कुंकू लावलं. ओटी भरली. टाळ्या झाल्या. भाषणातलं एकही वाक्य आठवलं नाही, "मोटर जळाली तर आणा," एवढं म्हणून खाली आले. सगळे हसले.

वि. ताटातल्या अक्षता सारख्या करत होती. मान वर नाही.

घरी येऊन आनंद व्हायला हवा होता. होईना. अक्कांची ना नव्हतीच. कमिटीची असती तर त्यांना माझ्या नावाने खोटं सांगायची गरज काय होती? मग उरलं कोण? आणि आता लक्षात येतंय, तिच्या घरी मला बोलावणं कायम बाकीच्या बायका गेल्यावर. मला वाटायचं, निवांत गप्पा माराव्यात म्हणून.

२० जाने.

ग्रुपवर माझा फोटो. खाली वि.चा अंगठा आणि फुलं. मानभावी मेली. फोन येतायत तिचे, उचलले नाहीत.

दिवसभर कामात चुका. एका मोटारीची जोडणी उलटी केली. बसप्पाने ती पुन्हा केली.

२१, बुध.

दुपारी वि. आली. बसप्पाने "बन्नी अक्का" (या ताई) म्हणून स्टूल पुसून दिलं. त्याला काय माहीत.

"मंगला, बोल ना काहीतरी. शिव्या दे हवं तर."

शिव्या द्यायला कोणी परकं लागतं. एकच विचारलं. मी स्टेजवर आलेलं कुणाला नको होतं? मी हेवा करण्यासारखी झालेय का, की तुलाच अजून माझं कपाळ खुपतं? काय ते सांग. खरं सांगितलंस तर मी ऐकेन.

चहा आला. अर्धा प्यायली. डोळे भरले होते, पण उत्तर नाही. याआधी ती रडली की पदर माझा पुढे असायचा. आज हात वार्निशने भरलेले होते, आणि नसते तरी

जाताना म्हणाली, "उद्या येते."

मी नको म्हटलं नाही. ये असंही म्हटलं नाही.