हिरवळीवर गाडी लावू नये

१४ जुलै १९९१, रविवार. सकाळी ७.
शेजारच्या अभिमनने गाडी आणली. फियाट, क्रीम कलर. सेकंडहँड आहे हे मी चारचौघांना लगेच सांगून टाकलं, उगाच लोकांचा गैरसमज नको. मला गाडीशी काही देणंघेणं नाही. माझी स्कूटर उत्तम आहे. प्रश्न गवताचा आहे. आमच्या दोघांच्या घरांसमोर, रस्त्याच्या कडेला जी हिरवळीची पट्टी आहे, ती नऊ वर्षं मी वाढवली. अख्ख्या पिंप्राळ्यात दुसरी नाही. मे महिन्यात लोक प्यायचं पाणी भरतात, मी गवताला घालतो. रिक्षावाले मला ‘हिरवळवाले नाना’ म्हणून ओळखतात. आणि त्या हिरवळीवर हा माणूस चार चाकं ठेवून खुशाल झोपायला गेला!
संकल्प: सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने आठ दिवसांत गाडी हटवणे.

त्याच दिवशी, दुपारी.
अभिमनची बायको कुंदाबाई पेढे देऊन गेल्या. निषेध म्हणून घेणार नव्हतो. तीन खाल्ले. आमची प्रमिला खिडकीतून गाडीकडे बघत म्हणाली, किती देखणी आहे नाही? पंचवीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी या बाईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

१६ जुलै.
सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस काढली. ‘हिरवळीवर गाडी लावू नये. हुकमावरून.’ तीनदा अंडरलाइन. अभिमनने वाचली, माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि पावसात भिजायला नको म्हणून गाडीच्या काचेला आतून चिकटवली. वर म्हणतो, बरं केलंत नाना, आता इथे दुसरं कोणी लावणार नाही.

२३ जुलै.
नवा उपाय. बारा दगड पांढरे रंगवले, गवताच्या कडेने ओळीत मांडले. कंबर गेली कामातून. संध्याकाळी अभिमनने दोन दगडांच्या मधून गाडी अलगद आत घेतली. उतरून माझे आभार मानले. रिव्हर्स घेताना अंदाज येत नव्हता म्हणे, आता छान खूण झाली. प्रमिलाने टाळ्या वाजवल्या. मी स्कूटर किती वेळा रिव्हर्स घेतली असेल, टाळी नाही कधी.

३० जुलै.
चाळीसगावहून हिलालभाऊ आले, माझे चुलतभाऊ. स्टेशनवर रिक्षावाल्याला म्हणाले, हिरवळवाल्या नानांकडे. तो म्हणाला, म्हणजे फियाटच्या शेजारी ना? हिलालभाऊंनी हे हसत हसत सांगितलं. नऊ वर्षांची ओळख पंधरा दिवसांत गेली! आता सोडत नाही.

६ ऑगस्ट. पहाटे ५.
सुचलं! नोटीस माणूस मोडतो, देवाला ओलांडत नाही. बारांपैकी एका दगडाला तेल-शेंदूर फासून मधोमध, गाडीच्या नाकासमोर ठेवून येतो. वर एक जास्वंद. अभिमनची छाती होणार नाही चाक टेकवायची. याला अक्कल लागते.

सकाळी ९.
विजय! अभिमन बाहेर आला, बघून थिजला, चपला काढल्या, हात जोडले आणि गाडी गुपचूप रस्त्यावर नेली. मी दोन कप चहा प्यालो. मग गावठाणातली झुंबरबाई दूध घालायला आली. कॅन खाली ठेवून ओरडली, अरे म्हसोबा प्रगट व्हयना! बठ्ठा गावले सांगस! म्हणजे सगळ्या गावाला! नाना, तुम्हले काही माहीत शे का, असं मलाच विचारलं. नाही म्हणालो. खोटं काही बोललो नाही. म्हसोबाचं मला खरंच काही माहीत नाही.

२० ऑगस्ट.
नारळ, उदबत्त्या वाढल्या. थोडी भक्ती चालायचीच. झुंबरबाईची आटलेली म्हैस पुन्हा दूध द्यायला लागली, तेही म्हसोबामुळेच. गवत टवटवीत. फियाटवर रस्त्याचा धुरळा. झोप छान लागते.

८ सप्टेंबर, पोळा. संध्याकाळी ७.
लिहवत नाही. पाचला वाजंत्री ऐकू आली. गावठाणातले बठ्ठे बैल शिंगं रंगवून, झुली घालून नव्या म्हसोबाच्या पाया पडायला आणले! बावीस जोड्या. बैल आधी पाया पडत होता की नाही देव जाणे, पण मान खाली घालत होता आणि वर काढताना तोंडात माझं गवत. मी धावलो. एक म्हातारा म्हणाला, खाऊ द्या नाना, देवना परसाद शे. ओरडून सांगावं असं वाटलं, दगड माझा आहे, शेंदूर माझा आहे! तोंड उघडलंही. समोर दोनशे माणसं, निम्म्यांच्या हातात काठ्या. मिटलं. सगळी पट्टी साफ. बरोबर शेणही.

१५ सप्टेंबर.
सोसायटीची मीटिंग. ठराव: गवत राहिलेलंच नाही, तेव्हा मुरूम टाकून भाविकांच्या गाड्यांसाठी जागा करावी. मंदिर कमिटीचा अध्यक्ष अभिमन, कारण कॉलनीत देवाने पहिलं दर्शन त्याला दिलं. विरोधासाठी मी हात वर केला. तो पाठिंब्यात मोजला गेला. दुरुस्ती सुचवणार होतो, तेवढ्यात चहा आला.

दसरा. सकाळी ११.
गाड्यांची पूजा. स्कुटरी, ट्रॅक्टर, एक ट्रकसुद्धा. कमिटीने मला शिट्टी आणि दंडाला बांधायला लाल पट्टी दिली. म्हणजे कॉलनीतली सगळी वाहनं अखेर माझ्या हुकमात आली. पहिला मान फियाटचा. पूजा झाल्यावर अभिमन आणि कुंदाबाई गाडीने साक्रीला निघाले. प्रमिलाचं माहेर तिकडचं, म्हणून तीही. पुढच्या सीटवर! मी मागच्या दारापाशी गेलो, जागा आहे का बघायला. जागा होती. अभिमन म्हणाला, नाना, तुम्ही आलात तर इथल्या गाड्या कोण लावणार?
त्या गाडीत मला बसायचं होतं. जुलैपासून बसायचं होतं. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो.
प्रमिलाने काच खाली घेतली. मला वाटलं, चला म्हणेल. म्हणाली, अहो, जरा बाजूला व्हा, ह्यांना मागचं दिसत नाहीये.
झालो बाजूला. शिट्टी वाजवली. येऊ द्या मागे, येऊ द्या, म्हणालो.