नाक्यावर अडलेली रोपं

९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. आईच्या गुडघ्याची सूज थोडी उतरलीय. तुझ्या भावजींनी रोपवाटिकेला नवी जाळी घातली.

निकाल तुला कळलाच असेल. बाहेरच्या राज्यातलं लिंबाचं रोप तुमच्या राज्याच्या हद्दीत आणायचं नाही, हा नियम न्यायालयानं रद्द केला. रोग रोखायला तपासणी जरूर करा. पण तोच रोग घरच्या रोपांत चालवून घ्यायचा आणि शेजारच्या राज्याच्या मालाला दार लावायचं, हे राज्यघटनेत बसत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. माझे वकील खूश होते. मी घरी येऊन नुसती बसून राहिले.

माझी चार हजार रोपं तुमच्या सीमेवरच्या नाक्यावर नऊ दिवस उन्हात वाळली, तेही गिळलं असतं. पण नियमाला जोडलेला अहवाल वाचला. ‘शेजारच्या राज्यातील रोपवाटिकेत खैऱ्या रोग प्रत्यक्ष पाहिला.’ खाली रोप निरीक्षक म्हणून तुझी सही.

पाहिलास कुठे रे? माझ्याच वाफ्यात. सुट्टीला आला होतास, तेव्हा मीच तुला हाताला धरून नेलं. “बघ रे, पानांवर हे डाग कसले?”

“दोनच रोपं आहेत ताई, जाळून टाक. कुणाजवळ बोलू नकोस.”

मी त्याच दुपारी जाळली. कुणाजवळ बोलले नाही. मी भावाला दाखवलं होतं, निरीक्षकाला नव्हे.

फोनवर म्हणालास, “साहेबांनी काहीतरी लिहून मागितलं, माझा नाइलाज झाला.” झाला असेल.

आता माझं ऐक. ‘आमच्याकडे निम्म्या रोपवाटिकांत खैऱ्या आहे, वर कुणाला सांगायची सोय नाही,’ असं तू मला दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतंस. ते पत्र वकिलांच्या हाती मी दिलं. त्यांनी मागितलं नव्हतं, त्यांना ठाऊकही नव्हतं. भर कोर्टात ते वाचलं गेलं आणि खटला तिथेच फिरला. तुझी चौकशी लागलीय ती त्यामुळेच. देताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, हे तुला सांगायला मात्र निकालानंतर आठ दिवस लागले.

आईला यातलं काही माहीत नाही. “दोघं एकाच धंद्यातले, एकमेकांना धरून राहतात,” असं शेजारणीला सांगत होती.

तिला भेटायला जरूर ये. सकाळी ये, तेव्हा मी वाफ्यावर असते.

तुझ्या आईची थोरली मुलगी